टोपीचं रिपीट का बसत नाही

गेल्या वर्षी दिवाळी संपता संपता आमच्या इचलकरंजीच्या स्क्रीन प्रिंटिंगच्या युनिटवर एका कॉलेजची ऑर्डर आली. २२ डिसेंबर म्हणजे रामानुजन यांचा जन्मदिवस, तो आपल्याकडे राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो, तर त्यासाठी त्यांना पंचवीस कापडी बॅनर आणि स्टेजमागे लावायला वीस फूट बाय आठ फुटांचा पडदा पाहिजे होता. फ्लेक्स नको म्हणाले. मला तर बरंच वाटलं, कारण निवडणुकीचे झेंडे सोडले तर आजकाल कापडावरचं असलं काम येतंय कुठे. डिझाईन सरांनी व्हॉट्सॲपवर टाकलं: शर्ट की टोपी असं काहीतरी दिसणारा एक वेडावाकडा आकार, एकाला एक चिकटून पानभर, मध्ये कुठेही फट नाही. खाली मेसेज, "हेच रिपीट करून पडदाभर मारा."

मी "होऊन जाईल सर" लिहिलं आणि ॲडव्हान्स घेतला.

मग तीन रात्री कॉम्प्युटरवर बसलो. डावी कड उजवीला जुळवली की वरची खालच्याला जुळेना, वरची जुळवली की डावी गेली. आमचे मामा (माझे सख्खे मामा नव्हेत, वडिलांच्या काळापासूनचे कारागीर, सगळं युनिट त्यांना मामाच म्हणतं) तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मागे उभे राहिले आणि म्हणाले, "आरं, चाळीस वर्षं झाली मला, न बसणारं रिपीट मी अजून बघितलं न्हाई. तुझंच काहीतरी चुकतंय." मलाही तसंच वाटत होतं. शेवटी सरांना फोन केला तर सर हसायलाच लागले, म्हणाले अहो म्हणून तर ते डिझाईन निवडलंय, ते रिपीट होऊच शकत नाही, २०२३ मध्ये सिद्ध झालंय.

म्हणजे जे काम होऊ शकत नाही त्याचा मी ॲडव्हान्स घेऊन बसलो होतो, आणि सर स्वतःच "रिपीट करून मारा" असं लिहून मोकळे झाले होते. गणिताच्या माणसाला छपाई कळत नाही आणि छपाईच्या माणसाला गणित, असं म्हणावं तर मी स्वतः बीएस्सी गणित. असो.

आधी स्क्रीन म्हणजे काय ते बघू

दारात रांगोळीचा छाप वापरता ना, भोकं पाडलेली ती चाळणी, वरून रांगोळी टाकली की भोकांतून तेवढीच खाली पडते आणि फूल उमटतं. स्क्रीन प्रिंटिंग हे तेच. फक्त चाळणीच्या जागी चौकटीवर ताणलेली पॉलिएस्टरची बारीक जाळी, आणि रांगोळीच्या जागी घट्ट रंग.

जाळीवर एक केमिकल लावतात जे उजेड पडला की टणक होतं. डिझाईनची काळी फिल्म त्यावर ठेवून उजेड द्यायचा, याला एक्सपोज करणं म्हणतात, काळ्याखालचा भाग कच्चा राहतो, तो पाण्याने धुतला की तिथली भोकं उघडी होतात. कापड टेबलावर गोंदाने चिकटवून ठेवायचं, स्क्रीन त्यावर ठेवायची, रंग ओतायचा, रबराची पट्टी लावलेल्या स्क्वीजीने हात मारायचा, स्क्रीन उचलायची. एक छापा झाला.

लांब कापड असलं की तीच स्क्रीन सरकवत न्यायची. टेबलाच्या कडेला रेल असते, तिच्यावर ठरावीक अंतराने स्टॉपर लावलेले असतात, चौकट स्टॉपरला टेकवली की ती बरोबर पुढच्या जागी बसते. ओला रंग चौकटीखाली येऊन पुसला जाऊ नये म्हणून आम्ही एक जागा सोडून एक छापतो, आणि वाळल्यावर सोडलेल्या जागा भरून काढतो. जोड दिसायला नको असेल तर एका छाप्याची उजवी कड पुढच्या छाप्याच्या डाव्या कडेशी जुळली पाहिजे, आणि वर अजून एक ओळ असेल तर वरचीही खालचीशी. हे जुळणं म्हणजे रिपीट बसणं.

तेव्हा स्क्रीन हे मुळातच एक गोष्ट परत परत करायचं यंत्र आहे हे डोक्यात ठेवा, सगळी गंमत तिथे आहे.

काठाचे सात, अंगाचे सतरा

कापडावरची नक्षी बघितली तर वाटतं प्रकार अगणित असतील. फुलं, कोयऱ्या, मोर, चौकडा, काय वाटेल ते. पण फूल आहे की मोर हे बाजूला ठेवलं आणि नक्षी नुसती कशी फिरते, उलटते, सरकते एवढंच बघितलं तर एका दिशेने पळणाऱ्या नक्षीचे, म्हणजे साडीच्या काठाचे, सातच प्रकार होतात. आणि दोन्ही दिशांना पसरणाऱ्या नक्षीचे, म्हणजे साडीच्या अंगाचे, सतरा. सोळा नाही, अठरा नाही. रशियाचे येवग्राफ फेडोरोव यांनी १८९१ मध्ये हे दाखवलं, पुढे १९२४ मध्ये जॉर्ज पोल्या यांनी स्वतंत्रपणे तेच काढलं. खणाचं कापड घ्या, पैठणीचा काठ घ्या, भिंतीचा वॉलपेपर घ्या, रिपीट होणारी नक्षी असेल तर ती यातल्या कुठल्यातरी एका खणात जाऊन बसणारच.

आणि या सतरांत एक गोष्ट कधीच येत नाही, ती म्हणजे पाच पाकळ्यांचं फिरणं. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आयांना हे न शिकता माहीत असतं. चौकोनी ठिपके मांडले की चार पाकळ्या जमतात, मधल्या ठिपक्यांची रांगोळी घातली की सहा जमतात, पण पाच पाकळ्यांचं फूल ठिपक्यांवर पसरत नेता येत नाही, एकटं मध्ये काढावं लागतं.

आता खरा प्रश्न. असा एखादा आकार असेल का, ज्याने फट न ठेवता सगळी जमीन भरते, पण कशीही भरली तरी नक्षी रिपीट मात्र होत नाही? चौकोनी फरशी तुम्ही मुद्दाम वेडीवाकडी बसवून रिपीट मोडू शकता, त्यात काही विशेष नाही. आपल्याला पाहिजे ती अशी फरशी की रिपीट बसवायचं म्हटलं तरी बसणार नाही.

हाओ वांग यांनी १९६१ मध्ये हा विषय काढला तेव्हा त्यांना वाटत होतं असं काही नसणार. १९६६ मध्ये त्यांचेच विद्यार्थी रॉबर्ट बर्जर यांनी असा संच दाखवला, पण त्यात २०,४२६ वेगवेगळ्या फरश्या होत्या! एवढ्या फरश्या घेऊन गवंडी पळूनच जाईल. मग संख्या उतरत गेली, १९७१ मध्ये राफेल रॉबिन्सन यांनी सहावर आणली, १९७४ मध्ये रॉजर पेनरोझ दोनवर आले. तिथून एकावर यायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

टोपी सापडली ती एका छपाईवाल्याला

हे वाचून मी मामांना हाक मारून सांगितलं, कारण ती एक फरशी शोधणारे डेव्हिड स्मिथ हे गणिताचे प्राध्यापक नाहीत, इंग्लंडमध्ये ईस्ट यॉर्कशायरमधल्या ब्रिडलिंग्टनचे, छपाईच्या धंद्यातून रिटायर झालेले तंत्रज्ञ. आकारांशी खेळत बसायचा नाद. नोव्हेंबर २०२२ मध्ये एक आकार त्यांना जरा वेगळा वाटला, म्हणून त्याचे जाड कागदाचे तुकडे कापून ते टेबलावर जोडत बसले. भरत तर होतं सगळं, पण रिपीट दिसेना. मग कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या क्रेग कॅप्लान यांना कळवलं, पुढे जोसेफ मायर्स आणि चैम गुडमन-स्ट्राउस आले, आणि मार्च २०२३ मध्ये चौघांनी मिळून सिद्धता जाहीर केली. जगभर बातमी झाली. त्या आकाराचं नाव पडलं हॅट, आपण टोपी म्हणू. अशा एकट्या फरशीला आइनस्टाइन म्हणतात, पण त्याचा त्या आइनस्टाइनशी संबंध नाही, जर्मनमध्ये 'आइन श्टाइन' म्हणजे एक दगड, त्यावरची ती कोटी आहे.

टोपी काढायला एकदम सोपी. एक षटकोन काढा, मधल्या बिंदूपासून प्रत्येक बाजूच्या मध्यावर रेघ मारा, सहा पतंग तयार होतील. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे असे षटकोन पानभर काढा आणि शेजारशेजारचे आठ पतंग ठरावीक पद्धतीने जोडा. झाली टोपी, तेरा बाजूंची. म्हणजे टोपीची प्रत्येक कड पतंगांच्या जाळ्यावरच पडते. हे जाळं मात्र साधं, सरळ, रिपीट होणारं आहे. हा मुद्दा पुढे माझ्या कामी आला.

मोजून बघा, मग पटेल

मामांचा प्रश्न बरोबर होता, "तुला सापडत न्हाई म्हणजे नसंलच कशावरनं?" तीन रात्री नाही जमलं, चौथ्या रात्री जमेल. नाहीच जमणार असं आधी कसं सांगायचं?

टोप्या जमिनीवर भरताना काही सुलट बसतात आणि काही उलट, म्हणजे आरशात दिसल्यासारख्या. सुलट जास्त, उलट कमी. त्या चौघांनी दाखवलं की टोप्या कशाही भरा, जितकी जास्त जमीन घ्याल तितकं सुलट आणि उलट यांचं प्रमाण एका ठरलेल्या आकड्याकडे जातं: एका उलट टोपीमागे ६.८५४ आणि पुढे न संपणारे अंक. कोणत्या बाजूला सुलट म्हणायचं ते आपल्या मर्जीवर, पण आकडा तोच.

आता माझी फ्रेम बघा. षटकोनाची बाजू १० सेंटिमीटर धरून मी ८६.६ बाय १२० सेंटिमीटरची छाप्याची जागा ठरवली होती, त्यात चाळीस षटकोन बसतात, म्हणजे २४० पतंग, म्हणजे बरोबर ३० टोप्या. कडेला अर्ध्यामुर्ध्या कापल्या गेल्या तरी रिपीट बसलं असेल तर अर्धी इकडची आणि अर्धी तिकडची मिळून पूर्ण होते, हिशोब ३० चाच. त्यात उलट टोप्या किती? ३ धरल्या तर सुलट २७, प्रमाण ९. चार धरल्या तर २६ ला ४, साडेसहा. ६.८५४ येतच नाही. आणि एकच फ्रेम पुन्हा पुन्हा छापली तर पडदा कितीही मोठा करा, प्रमाण बदलणार नाही, साडेसहा म्हणजे साडेसहाच.

मग फ्रेम मोठी करा! केली. ४८ सुलट आणि ७ उलट घेतल्या तर ६.८५७, अगदी जवळ आलो. पण जवळच. कारण तो आकडा अपरिमेय आहे, म्हणजे दोन पूर्ण संख्यांचा भागाकार म्हणून तो कधीच लिहिता येत नाही, आणि फ्रेममध्ये टोप्या तर पूर्णच मोजाव्या लागतात, पावणेचार उलट टोप्या असं काही नसतं. दोन्हीकडून जुळणारी फ्रेम असती तर प्रमाण भागाकारात लिहिता आलं असतं. ते येत नाही, म्हणून तशी फ्रेम नाही, खोलीएवढी केली तरी नाही. यातला अवघड भाग म्हणजे प्रमाण तेवढंच येतं हे दाखवणं, त्यासाठी टोप्यांचे गट कसे बनतात आणि त्या गटांचे पुन्हा मोठे गट कसे बनतात ते सगळं तपासावं लागलं, त्यात कॉम्प्युटरचीही मदत घेतली गेली. पण ते प्रमाण मान्य केलं की पुढचं माझ्यासारख्याला चहाच्या कपावर समजतं.

हा आकडा येतो कुठून याची चव घ्यायची असेल तर काठावर करून बघा. म म्हणजे मोठी पट्टी, छ म्हणजे छोटी. नियम एवढाच की प्रत्येक वेळी म च्या जागी मछ लिहायचं आणि छ च्या जागी म. सुरुवात म पासून: म, मछ, मछम, मछममछ, मछममछमछम. शेवटच्यात पाच म आणि तीन छ आहेत, पुढच्यात आठ आणि पाच होतील, मग तेरा आणि आठ. हे प्रमाण १.६१८ च्या आसपास जात राहतं, ज्याला सुवर्ण गुणोत्तर म्हणतात, आणि तेही अपरिमेय. म्हणून हा काठ कितीही लांब विणा, रिपीट होणार नाही. आणि १.६१८ ला स्वतःनेच गुणत चार वेळा घेतलं की आपला टोपीचा ६.८५४ येतो, करून बघा कॅल्क्युलेटरवर.

"मग कसंही छापलं तरी चालेल की"

हा पहिला आक्षेप आणि तो चूक आहे. रिपीट होत नाही म्हणजे मनाला येईल तसं, असं नाही. उलट टोप्या फार शिस्तीच्या, एक चुकीची बसवली की दहा-बारा टोप्या पुढे गेल्यावर अशी फट उरते की तिथे कुठलीच टोपी जात नाही, आणि मग मागे जाऊन उपसावं लागतं. मी कागदाच्या टोप्या कापून केलंय, दोनदा उपसलंय.

दुसरं म्हणजे तुकडे परत येतात. कुठलाही पाच-पन्नास टोप्यांचा घोळका उचला, तो हुबेहूब तसाच पुढे पुन्हा भेटतो, कितीही वेळा भेटतो, पण वेळापत्रकाने नाही. तीनतालात सोळा मात्रांनी सम येते, डोळे मिटून टाळी देता येते. इथे बोल सगळे ओळखीचे, धा पण तोच आणि धिन पण तोच, पण किती मात्रांनी सम ते मोजायला गेलात की फसलात.

एक बारीक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, सरांनीच ती माझ्या लक्षात आणून दिली. नुसती एक पट्टी असेल, म्हणजे वर-खाली काही जुळवायचंच नाही, तर डावी-उजवी कड जुळणारी पट्टी निघू शकते. कारण ठरावीक उंचीच्या पट्टीत उभी कड दिसायचे प्रकार मोजकेच, पुढे जात राहिलात की कधी ना कधी आधी येऊन गेलेली कड परत येणारच, तिथे कापायचं. पण उंची वाढवत न्याल तसं हे रिपीट लांबत जातं, त्याला अंत नाही. माझ्या पडद्याला दोन ओळी होत्या आणि एकच फ्रेम वर-खाली, डावी-उजवी सगळीकडे चालवायची होती. तिथे सुटका नाही.

फिल्म उलटी लागली आणि कुणाला कळलंच नाही

छपाईत सगळ्यात जुनी चूक म्हणजे फिल्म उलट बाजूने लावणं. अक्षरं असली की लगेच पकडली जाते, "श्री" आरशातला दिसतो आणि स्क्रीन धुवून परत करावी लागते. सँपल काढताना माझ्याकडून नेमकं हेच झालं. अक्षरांची स्क्रीन वेगळी होती, ती बरोबर निघाली. टोप्यांची फिल्म मी उलटी चिकटवली, सँपल छापलं, वाळवलं, सरांना पाठवलं, सर खूश. दोन दिवसांनी मूळ फाईलशी ताडून बघताना माझ्या लक्षात आलं की सगळं आरशातलं आहे.

पण चूक असूनही ते चूक नव्हतं! आख्खी फरसबंदी आरशात बघितली तरी ती टोप्यांचीच फरसबंदी, फट नाही, काही नाही. एवढंच की आधी जास्त असलेल्या सुलट टोप्या आता उलट झाल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा असं डिझाईन बघितलं म्हणाले मामा, जिथं उलटी फिल्म पण पास होते.

या उलट टोप्यांवरूनच तेव्हा वादही झाला होता. काही जणांचं म्हणणं, आरशातली टोपी म्हणजे दुसरीच फरशी, तेव्हा ही खरी एक फरशी नाहीच. मुद्दा अगदीच फालतू नाही, बाथरूमची टाइल एका बाजूने चकचकीत असते, ती उलटी करून बसवता येत नाही, दुसरा साचा करावा लागेल. आम्हालाही टोपी एकेक करून ठशासारखी मारायची असती तर सुलट-उलट अशा दोन स्क्रीन कराव्या लागल्या असत्या. तर त्याच चौघांनी मे २०२३ मध्ये दुसरा आकार दिला, स्पेक्टर म्हणजे भूत, तो न उलटवता सगळं भरतो आणि तरीही रिपीट होत नाही. त्याच्या कडा वाकड्या केल्या की उलटा तुकडा बसूच शकत नाही. भुताचे बॅनर अजून कुणी मागितले नाहीत.

जाळीचा स्वतःचा हट्ट

इथे जरा धंद्यातलं सांगतो, नको असेल तर पुढच्या भागावर जा. सुती कापडाला आम्ही ४३ टी नंबरची जाळी वापरतो, म्हणजे सेंटिमीटरला ४३ धागे. दीड मिलिमीटरची रेघ मारायची तर तिच्या रुंदीत सहा-सात धागे येतात. जाळी ही स्वतःच एक चौकोनी नक्षी आहे, उभे धागे आणि आडवे धागे. आता डिझाईनमधली रेघ धाग्याला जवळजवळ समांतर पण किंचित तिरकी गेली की तिच्या कडेला करवतीसारखे दाते दिसतात, कारण रेघ एका धाग्यावरून दुसऱ्यावर पायरीने उतरते. आणि अगदी समांतर ठेवू म्हटलं तरी ताणलेली जाळी एखाद्या अंशाने इकडेतिकडे असतेच.

टोप्यांच्या कडा ३० अंशांच्या पटीत जातात: आडव्या, ३०, ६०, उभ्या, अशा. म्हणजे काही कडा नेमक्या धाग्यांच्या अंगावर. उपाय म्हणून जाळी चौकटीवर ताणतानाच १५ अंश तिरकी ताणली, मग धाग्यांच्या मानाने सगळ्या कडा १५, ४५, ७५ अशा पडतात, एकही उभ्या-आडव्याजवळ नाही. थोडी जाळी वाया गेली, पण कडा ब्लेडने कापल्यासारख्या आल्या. जाळी सरळ ठेवून डिझाईनच फिरवलं असतं तर? ते एकेका बॅनरला चाललं असतं, पडद्याला नाही, कारण १५ अंशांत फिरवलेलं षटकोनांचं जाळं टेबलाच्या लांबीने सरकवून जुळतच नाही, तिथेही एक अपरिमेय संख्या आडवी येते. या संख्यांनी महिनाभर माझा पिच्छा सोडला नाही.

मग पडदा झाला कसा

सगळा पडदा टोप्यांनी भरायचा तर सरळ उत्तर होतं: वीस फुटांत सात छापे, दोन ओळी, म्हणजे चौदा जागा आणि चौदा वेगळ्या स्क्रीन, प्रत्येकीवर फरसबंदीचा वेगळा तुकडा. एकेक स्क्रीन एकदाच वापरायची. त्या पैशात कॉलेजने हॉलच रंगवून घेतला असता.

म्हणून मघाचं ते पतंगांचं जाळं. टोप्या रिपीट होत नाहीत, पण ज्या जाळ्यावर त्या बसतात ते होतं. मी एक स्क्रीन नुसत्या जाळ्याची केली आणि फिकट राखाडी रंगात चौदा वेळा मारली. नंतर टोप्यांच्या तीन वेगवेगळ्या स्क्रीन केल्या, प्रत्येकीवर पूर्ण टोप्यांचा एक घोळका, आणि त्या जाळ्यावर बेटांसारख्या तीन ठिकाणी गडद निळ्यात छापल्या. उलट टोप्यांसाठी आणखी एकेक स्क्रीन, हळदी रंगाची. बेटाच्या बाहेर जाळं मोकळं सोडलं. सरांना कल्पना इतकी आवडली की ते म्हणाले मुलांना खडूने पुढच्या टोप्या भरायला सांगतो.

मांजरपाट घेतलं होतं ४८ इंच पन्ह्याचं, त्याचे दोन पट्टे वेगवेगळे छापून नंतर शिवले. १२० सेंटिमीटर छपाई आणि दोन्हीकडे शिलाईला एकेक सेंटिमीटर, इतका जेमतेम हिशोब. स्टॉपर लावताना मामा म्हणाले ८६.६ कशाला, ८७ धर. पण ते ०.४ खोटं नाही, षटकोनाच्या रुंदीत तीनाचं वर्गमूळ बसलेलं असतं म्हणून तो आकडा तसा येतो. ८७ धरलं असतं तर प्रत्येक जोडावर ४ मिलिमीटरची फट, आणि सातव्या छाप्यापर्यंत जाळं दीड-दोन बोटं सरकलेलं, मग त्यावर टोपीची कड बसवणार कुठे. शेवटी मामांनीच पोलादी पट्टी घेऊन स्टॉपर बसवले, डोळ्याला चष्मा, तोंडात सुपारी, आणि चौदाच्या चौदा छाप्यांत मला भिंगातूनही एकच जोड सापडला.

रंग जास्त पाहिजे असते तरी घाबरायचं कारण नव्हतं. शेजारच्या दोन टोप्यांना एकच रंग नको एवढीच अट असेल तर चार रंग पुरतात, कुठल्याही नकाशाला पुरतात, हे १९७६ मध्ये केनेथ अपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी सिद्ध केलंय. त्यात कापडाचा स्वतःचा रंग एक धरला तर तीनच स्क्रीन. हे गणित मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

"डिजिटलवर तासात झालं असतं, आणि उपयोग काय याचा?"

झालं असतं, खोटं कशाला बोलू. डिजिटल मशीनला रिपीट लागतच नाही, फाईल द्या, वीस फूट सलग टोप्या मारून देईल. एकच पडदा असता तर मी स्वतः तिकडे पाठवलं असतं. पण पंचवीस बॅनर त्याच तीन जोड स्क्रीनवर निघाले, एकदा स्क्रीन झाली की पुढचा छापा रंगाच्या आणि हाताच्या किमतीत पडतो. शिवाय स्क्रीनचा रंग कापडावर जाड बसतो, हळदी रंग स्टेजच्या उजेडात उठून दिसतो, ते सुख वेगळं.

उपयोगाचं म्हणाल तर असल्या रिपीट न होणाऱ्या रचना निसर्गात नाहीतच असं लोक धरून चालले होते. १९८२ मध्ये डॅन शेख्टमन यांना धातूच्या एका मिश्रणात पाचाच्या घडणीची रचना दिसली, जी स्फटिकात असूच शकत नाही असं पुस्तकात लिहिलेलं. बऱ्याच जणांनी त्यांना वेड्यात काढलं. २०११ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि दुसरं टोक बघायचं तर १९९७ मध्ये इंग्लंडात टॉयलेट पेपरवर पेनरोझ यांची नक्षी वापरली म्हणून कोर्टात दावा लागला होता. मला विचाराल तर नक्षी टॉयलेट पेपरपर्यंत पोचली की ती खरी लोकांची झाली.

२२ तारखेला सकाळी मी स्वतः गेलो होतो. पडदा लागला, छान दिसत होता. पॅसेजमध्ये मंडपवाल्याचा पोरगा शिडीवर चढून दोन बॅनर शेजारी शेजारी लावत होता आणि मधली पांढरी कड दुमडून टोप्या जुळवायला बघत होता. एक बॅनर वर केला, खाली केला, मग डावीकडचा उजवीकडे घेतला. खाली बघून मला म्हणाला, "दादा, तुमचं कापड तिरकं कापलंय." मी म्हटलं, बाळा, मध्ये वीतभर जागा सोड आणि लाव.